पोत्याच्या चिठ्ठीची उलट बाजू

हॅकबेरी खोरे, नेब्रास्का
२० जानेवारी १९६९

ती. ल्युडाताईस,

व्लास्ताचा शि. सा. नमस्कार, आणि प्रभूच्या कृपेने अजून चालती-बोलती आहे हे कळवणे, वि. वि.

चालती-बोलती हे गमतीने लिहिलेले नाही. आल्बिनच्या अपघाताचे तुला फोनवर सांगितलेच होते. तळ्याच्या काठी घोडा बर्फावरून घसरला आणि त्याच्या अंगावर पडला. कमरेचे हाड मोडले आहे. तो साठ मैलांवरच्या इस्पितळात आहे आणि डॉक्टर म्हणतात की ईस्टरपर्यंत घरचे नाव काढू नका. तेव्हापासून शहाऐंशी गाई माझ्या एकटीच्या अंगावर आहेत. मार्चच्या मध्यापासून त्या व्यायला लागतील. या दिवसांत रानात उभे असलेले गवत नुसता वाळका पाचोळा. त्याने पोट भरते, पण गाय आतून वाळत जाते. म्हणून प्रत्येकीला रोज दोन रत्तल सरकीची पेंड लागते. आमचे मामंजी सकाळी नऊच्या ठोक्याला पेंड घालत, नाताळातसुद्धा. आल्बिनचेही तेच. गाईने रोज माणसाचे तोंड पाहिले पाहिजे असे तो म्हणतो.

कुरण घरापासून सात मैल. गेल्या शुक्रवारी टेकडीच्या वळणावर गाडी घसरून बर्फात रुतली. थंडी शून्याखाली अठरा. मी तीन तास फावड्याने बर्फ उपसत होते. मधेच जपमाळ काढली, पण बोटांना मणी कळेनात, तेव्हा मोजदाद सोडून नुसतीच मेरीमातेला हाका मारत राहिले. मला सारखे वाटत होते की टपालवाला येणार मंगळवारी. म्हणजे मंगळवारी कोणाला तरी कळेल. गाई भोवती गोळा होऊन माझ्याकडे नव्हे, पोत्यांकडे बघत होत्या. एक फाटक्या कानाची तांबडी आहे, नेहमी सगळ्यांच्या मागे राहते आणि तिला कधीच पुरेसे मिळत नाही. मी तिला लाजरी म्हणते. तीसुद्धा त्या दिवशी पुढे आली होती.

ताई, मला आता रोज सकाळी गाडीत बसायची भीती वाटते. कोणाला सांगू नकोस, पण काल मी दार उघडून पाच मिनिटे तशीच उभी राहिले.

विद्यापीठाचे एक पत्रक आले आहे. त्यात लिहिले आहे की आठवड्याची पेंड तेवढीच ठेवून ती दोनच दिवसांत विभागून घातली तरी गाई तितक्याच चांगल्या राहतात आणि वासरेही तितकीच चांगली होतात. गाईच्या पोटात ती साठून पुरते म्हणे. मी आल्बिनला आडून आडून विचारले. तो म्हणाला, त्या प्राध्यापकांना आठवड्यातून दोनदा जेवायला घाला आणि मग विचारा. सबंध वॉर्ड हसला. मीही हसले, आणि विषय तिथेच संपला.

बोहुश भावोजी तसेच घालत असत ना? मला नीट लिहून पाठव. आणि हे आल्बिनच्या कानावर जाऊ देऊ नकोस. तुझी माया आहे म्हणूनच हे लिहायचे धाडस झाले.

तुझी,
व्लास्ता


विलो बेंड, ओक्लाहोमा
२६ जानेवारी १९६९

चि. सौ. व्लास्तास,

ल्युडमिलाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोस्टातच उभ्याने वाचले. प्राध्यापकांच्या जेवणाचे वाचून मोठ्याने हसले, आणि मग मागे जाऊन तुझा तो शुक्रवार पुन्हा वाचला. तीन तास? अगं, तू लहानपणी कोंबड्यांच्या खुराड्यातही एकटी जात नव्हतीस.

हो, तुझे भावोजी दोनदाच घालत. त्यांना हे कोणा विद्यापीठाने शिकवले नव्हते. पत्त्यांच्या डावात रोजची पेंड आड यायची, म्हणून त्यांनी हा शोध लावला. मी त्यांना आळशी म्हटले, सासूबाई आणखी काय काय म्हणाल्या. पण अकरा हिवाळे सोमवारी आणि शुक्रवारी पेंड घातली आणि एका गाईच्या अंगावरचे मूठभर मांस कमी झाले नाही. उलट रोज गाडीची वाट पाहत फाटकाशी उभ्या राहणाऱ्या गाई दिवसभर चरायला लागल्या.

आता नीट वाच. एकदम बदलू नकोस. पहिला आठवडा एक दिवसाआड घाल, मग दोन दिवसांवर ये. आठवड्याची एकूण पेंड कमी करू नकोस. तुझा काटकसरी हात मला माहीत आहे. गाई उपाशी असताना घालू नकोस, आधी गवताने पोट भरू दे. तळ्यावरचा बर्फ फोडून पाणी मोकळे ठेव. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पेंड ढिगाने टाकू नकोस. चांगली पाव मैल लांब ओळ टाक. ढीग केलास तर चार दांडग्या गाई त्यावर उभ्या राहतील आणि तुझी लाजरी लांबून बघत बसेल.

माणसाच्या तोंडाचे म्हणशील तर पेंड न नेताही तोंड दाखवता येते. हवा चांगली असेल त्या दिवशी जाऊन नुसते बघून ये. आल्बिनला मी काही बोलणार नाही. शनिवारीच पापनिवेदन करून आले होते, आता पुन्हा जावे लागेल, एवढेच.

भिऊ नकोस. रोज नऊ वाजता मी तुझ्या नावाने एक मेणबत्ती लावते. लहानच लावते, तुझीच बहीण आहे.

तुझी,
ल्युडाताई


हॅकबेरी खोरे
२० फेब्रुवारी १९६९

ती. ल्युडाताईस,

व्लास्ताचा नमस्कार. तुझ्या मेणबत्तीचा उजेड इथवर पोचतो आहे, वि. वि.

कागद पाहून हसू नकोस. पेंडीच्या पोत्यांना शिवलेल्या या चिठ्ठ्या आहेत. जाड आहेत, मागची बाजू कोरी आहे, आणि फेकून द्यायला जिवावर येते. क्रमांक घातले आहेत, एक ते सहा, त्याच क्रमाने वाच.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळे केले. आता सोमवारी आणि शुक्रवारी बारा-बारा पोती नेते. गाई सुरेख आहेत. भोंगा वाजवला की येतात, पण पूर्वीसारख्या गाडीवर तुटून पडत नाहीत. लाजरीला ओळीच्या टोकाला स्वतःची जागा मिळाली आहे. गाडीत बसायची भीती अजून वाटते, पण आठवड्यातून दोनदाच वाटते.

आता दुसरीच भीती लागली आहे. इस्पितळातल्या टेलिफोनवरून आल्बिन रोज विचारतो की सकाळी गेली होतीस का. मी हो म्हणते. बघायला जातेच ना, म्हणजे खोटे नाही. पण तो थँक्यू म्हणतो तेव्हा मी घाईने फोन ठेवते. तो कधी थँक्यू म्हणणारा माणूस नव्हता.

कालपासून उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले. यंदा मी साखर आणि रेडिओ सोडला आहे. साखरेचे काही वाटत नाही, रेडिओ फार जड जातो. घरात दुसरा आवाज नाही. त्याच्यावर आईचे भरतकामाचे फडके घालून ठेवले आहे, म्हणजे बटणाकडे हात जाणार नाही.

येत्या बुधवारी आल्बिनचे दुसरे ऑपरेशन आहे. मी मंगळवारी पहाटे निघून शनिवारपर्यंत त्याच्यापाशी राहणार. पलीकडच्या सोरेन्सन म्हाताऱ्याला सांगावे म्हटले, पण कुंपणाच्या भांडणापासून तीन वर्षे आमचे बोलणे नाही. शेवटी पत्रक पुन्हा वाचले. त्यात सबंध आठवड्याची सरकी पेंड एकाच दिवशी घालूनही गाईंना काही झाले नाही असे दिले आहे. म्हणून सोमवारी दुपारपर्यंत चोवीस पोती एकदम घालून मोकळी होणार, दोन खेपांत.

जुनी पेंड उद्या संपते. दुकानदाराकडे सरकीची नव्हती, त्याने पेंड दाबून केलेल्या नव्या तपकिरी कांड्या दिल्या. प्रथिने तितकीच, अडतीस टक्के, मी चिठ्ठीवरचा आकडा पाहून घेतला. आणि स्वस्त आहेत. देवच धावला म्हणायचे. या सहा चिठ्ठ्या त्याच पोत्यांच्या आहेत.

ऑपरेशनसाठी प्रार्थना कर. बाकी तुझ्या आशीर्वादाची ऊब पुरे आहे.

तुझी,
व्लास्ता


विलो बेंड
२४ फेब्रुवारी १९६९, सोमवार

चि. व्लास्ता,

आशीर्वाद. हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण हातावर हात ठेवून बसवत नाही.

तुझे पत्र आज सकाळी साडेनऊला आले. सहावी चिठ्ठी वाचून झाली आणि सवयीने ती उलटून पाहिली. पुढे मोठ्या अक्षरात अडतीस टक्के आहे. त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिले आहे की यातले पंधरा टक्क्यांपर्यंत प्रथिन युरियाच्या रूपाने आहे.

ही पेंड नव्हे, व्लास्ता. म्हणजे आहे आणि नाही. शेतात खत म्हणून टाकतात तोच युरिया. रोज थोडा थोडा दिला तर गाईचे पोट त्याचे प्रथिन करते. एकदम पोटात गेला तर त्याचा विषारी वायू रक्तात उतरतो आणि तासाभरात गाय पडते. गेल्या शरदात आमच्या ओढ्यापलीकडे पाच बैल असेच पडले. गुरांच्या डॉक्टरांनी व्हिनेगर पाजून दोन वाचवले, बाटली मी धरली होती. सरकी आठवड्यातून एकदा घातली तर चालते. या कांड्या चालत नाहीत. आणि मी तुला लिहिले त्या सबंध पत्रात याचे एक वाक्य नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे बोहुशची सरकीच होती. मी तुला सगळे नीट शिकवले आणि हेच राहिले.

तुला फोन लावला. ऑपरेटर म्हणाली की तुमच्या खोऱ्याची लाइन कालपासून बंद आहे, खांब पडला आहे. मी तिला म्हटले पुन्हा लाव. तिने अकरा वेळा लावला. मग मला तुमचे रेडिओ केंद्र आठवले. वादळात माणसांचे निरोप वाचून दाखवतात ना, दुपारच्या गुरांच्या भावाआधी? तिथे फोन केला. तिथल्या मुलीने दोनदा विचारले की व्हिनेगरच ना बाई, थट्टा नाही ना. मी तिला सांगितले की माझ्या नवऱ्याच्या कबरीची शपथ, थट्टा नाही. निरोप असा दिला: व्लास्ता कुबिचेक, नवी पेंड घालू नकोस, त्यात युरिया आहे, जवळपासच्यांनी तिच्या दक्षिणेच्या कुरणात घरातले असेल तेवढे व्हिनेगर घेऊन जावे.

फोन ठेवला आणि तुझी तिसरी चिठ्ठी आठवली. तू रेडिओ सोडला आहेस. आईचे फडके घालून ठेवले आहेस.

आणखी एक. इस्पितळाच्या वॉर्डात दुपारी तेच केंद्र लावतात. आल्बिनला कळणार, सगळ्या जिल्ह्याबरोबर. मी दिलेला शब्द मोडला, त्याचा राग नंतर कर.

आता पावणेबारा झाले. माझ्यापुढे घड्याळ आहे आणि ते चालते आहे. तू पहिल्या खेपेची पोती चढवत असशील. देवा, तिची गाडी आज सुरू होऊ देऊ नकोस. एवढे दिवस मी उलटेच मागत होते.

तुझी,
ल्युडा


हॅकबेरी खोरे
२ मार्च १९६९

ती. ल्युडाताईस,

व्लास्ताचा शि. सा. नमस्कार. शनिवारी फोनवर आपण दोघी नुसत्याच रडलो, म्हणून आता सगळे ओळीने लिहिते, वि. वि.

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. अकरा वाजता मी पहिली बारा पोती घातली, तू सांगितलेस तशी लांब ओळ करून, आणि उरलेली बारा आणायला घरी आले. साडेबाराला परतले तर टेकडीवरून सोरेन्सनचा ट्रॅक्टर येताना दिसला. मला वाटले, कुंपणाचे भांडण उकरायला आजचाच दिवस सापडला याला. तो उभा राहून हात हलवत काहीतरी ओरडत होता. मी गाडीची काच वर केली. देव मला क्षमा करो.

मग ओळीकडे पाहिले. घंटेवाली, आमची सगळ्यात दांडगी, आडवी पडून पाय झाडत होती. तोंडाला फेस, कान थरथरताहेत, पोट नगाऱ्यासारखे. तिच्यापलीकडे दुसरी गुडघ्यांवर आली. तिसरी गोल गोल फिरत हंबरत होती. त्यांनी जे खाल्ले होते ते दीड तासापूर्वी मीच माझ्या हाताने पसरले होते.

सोरेन्सन जवळ आला. तीन वर्षांनी त्याने मला पहिला शब्द काय बोलावा? नमस्कार नाही, चमत्कार नाही, शिंगे धर म्हणाला. त्याच्याकडे व्हिनेगरचे दोन डबे होते. मी माना धरायच्या, त्याने बाटलीने पाजायचे. मी जपमाळ म्हणू लागले तर तो म्हणाला, बाई, देवाला ऐकू येते, तू तोंड नको उघडूस, डोके वर धर.

डबे संपायच्या आत टेकडीवर गाड्या दिसू लागल्या. एकूण सात. रेडिओ ऐकून खोऱ्यातल्या बायकांनी फडताळे रिकामी केली होती. व्हिनेगर होते त्यांनी ते आणले, नव्हते त्यांनी लोणच्याच्या बरण्या आणल्या. काकड्या बर्फावर ओतून देऊन त्यांतले पाणी आम्ही गाईंना पाजले. कोणीतरी बीटाच्या बरण्या आणल्या होत्या. ते लाल पाणी गाईंच्या तोंडातून गळून बर्फावर पसरले. त्याला वास व्हिनेगरचा होता, पण डोळे ऐकेनात. मला ते अजून दिसते.

अकरा पडल्या. चार उठल्या. सात गेल्या. सगळ्या पुढच्या, दांडग्या, ज्यांना नेहमी सगळ्यांत जास्त मिळायचे त्या. घंटेवाली माझ्या मांडीवर गेली. लाजरी लांब उभी राहून वाळके गवत चघळत होती. गुरांचे डॉक्टर संध्याकाळी येऊन म्हणाले की दुसरी खेपही घातली असती, किंवा पेंड ढिगाने टाकली असती, तर उरलेल्या मोजायला फार वेळ लागला नसता. म्हणजे ताई, तुझे एक वाक्य लिहायचे राहिले हे खरे, पण त्या लांब ओळीचे वाक्य तूच लिहिले होतेस. आता स्वतःला लावून घेणे पुरे कर.

मंगळवारी इस्पितळात गेले. गाई सोरेन्सनने सांभाळल्या, मी न विचारता. वॉर्डाच्या दाराशी हातात टोपी घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. बर्फात रुतले त्या दिवशीसुद्धा इतकी भीती वाटली नव्हती. नर्स म्हणाली, आत जा, ते कालपासून दाराकडेच बघताहेत. त्यांनी सगळ्यांनी मिळून ऐकले होते. व्हिनेगरचे ऐकून शेजारचे हसले, मग माझे नाव आले आणि आल्बिनकडे पाहून गप्प झाले.

त्याने आधी कोणत्या सात ते विचारले. मी एकेकीचे सांगितले. घंटेवालीपाशी त्याने डोळे मिटले. मग विचारले की दोनदाच घालायचे मला न सांगता का ठरवलेस. तेव्हा मी जानेवारीतल्या शुक्रवारचे सांगितले, तीन तासांचे, मण्यांचे, आणि मंगळवारी टपालवाला येईल तेव्हा कळेल असे वाटले त्याचेही. ते त्याला माहीतच नव्हते. सात गाईंचे दुःख त्याला पेलले, असे दिसले. तो शुक्रवार मात्र त्याला पेलेना. माझा हात घेऊन एकेक बोट दाबून पाहत राहिला, जणू अजून त्यांत थंडी असेल.

मग म्हणाला, कुठूनही सरकीची पेंड मिळव आणि सोमवारी, शुक्रवारीच घाल. आणि वर म्हणाला, त्या प्राध्यापकांनाही आता आठवड्यातून दोनदा जेवायला हरकत नाही, पण ताटात काय आहे ते वाचून. वॉर्डात कोणी हसले नाही. मीच हसले, आणि मग थांबता येईना. बुधवारचे ऑपरेशन चांगले झाले, म्हणून शनिवारची वाट न पाहता गुरुवारीच परतले.

काल सरकीची पेंड आली. दुकानदार शपथेवर सांगतो की निव्वळ सरकी. मी चिठ्ठी चष्मा लावून वाचली, भिंग लावून वाचली, सोरेन्सनकडून वाचून घेतली. तरी पोती शिवलेलीच ठेवली आहेत. तोवर त्या तपकिरी कांड्यांच्या उरलेल्या बारा पोत्यांतून रोज सकाळी नऊ वाजता प्रत्येकीला दोनच रत्तल घालते, अगदी मामंजींसारखी. रोज भीती वाटते आणि रोज मी गाडीत बसते. रेडिओवरचे फडके काढले आहे. फादरना विचारूनच काढले.

हे पत्रही चिठ्ठ्यांच्या पाठीवरच आहे, या वेळी नव्या पोत्यांच्या. पत्र नंतर वाचलेस तरी चालेल. आधी प्रत्येक चिठ्ठी उलटून खालची बारीक अक्षरे तुझ्या डोळ्यांनी वाच, आणि टपालाची वाट न पाहता फोन कर. खांब उभा झाला आहे. तुझा फोन येईपर्यंत मी एकही पोते उसवणार नाही.

तुझ्या मायेचा धागा असाच धरून ठेव.

तुझी,
व्लास्ता